निद्रावेळेची पसंती आणि नैराश्य : एका प्रश्नावलीची चिकित्सा

प्रस्तावना :
लवकर निजणे व लवकर उठणे हा मराठी समाजात सद्गुण मानला गेला आहे. उशिरा उठणारा आळशी ठरतो. 'सायंप्रवृत्त' व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आल्याने या समजुतीस शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखे वाटते. चिंतेबाबतचे निष्कर्ष मात्र तितके एकमुखी नाहीत. या संशोधनातील एका प्रमुख साधनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रश्नावलीचे स्वरूप व मर्यादा :
हॉर्न व ऑस्टबर्ग यांची १९ प्रश्नांची प्रश्नावली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे गुण १६ ते ८६ असतात. गुण जितके कमी, तितकी व्यक्ती सायंप्रवृत्त. सकाळी उठणे किती सोपे जाते, उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तरतरी, भूक व थकवा किती जाणवतो, असेही प्रश्न तीत आहेत. परंतु निरुत्साह, अन्नावरची वासना उडणे व थकवा ही नैराश्याचीही लक्षणे होत. म्हणजेच खिन्न व्यक्ती वेळेवर झोपत असली, तरी तिची उत्तरे तिला सायंप्रवृत्त ठरविण्याकडे झुकतात. मोजावयाच्या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच मापात मिसळतात. २००३ मधील म्युनिक प्रश्नावली झोपेच्या प्रत्यक्ष वेळा विचारते, त्यामुळे हा दोष तीत बराच कमी होतो.

प्रतिपक्ष :
तथापि हा संबंध केवळ मापनाचा भास नव्हे. सुमारे ८,४०,००० युरोपीय वंशाच्या व्यक्तींच्या जनुकीय माहितीवर आधारित २०२१ च्या अभ्यासात, निद्रेचा मध्यबिंदू एक तास अलीकडे असल्यास तीव्र नैराश्याची जोखीम सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र ज्या समाजात कामाचे तास सकाळचेच आहेत, तेथे उशिराची जनुकीय प्रवृत्ती हीच वेळापत्रकाशी संघर्षाचे कारण बनते. प्रवृत्ती व संघर्ष यांचा वाटा हा अभ्यास वेगळा करीत नाही. दुसरीकडे, ब्रिटनमधील सुमारे ७४,००० प्रौढांच्या २०२४ च्या अभ्यासात स्वतःच्या प्रवृत्तीनुसार उशिरा झोपणाऱ्या सायंप्रवृत्तांतही मानसिक विकार अधिक आढळले. संघर्ष हे एकमेव स्पष्टीकरण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :
रोनेबर्ग व सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासानुसार निद्राकाळ वयाच्या विशीच्या सुमारास सर्वाधिक उशिरा सरकलेला असतो. महाविद्यालयीन विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात. सकाळच्या तासिकेस गैरहजर राहणारा विद्यार्थी आळशी आहे, सायंप्रवृत्त आहे की खिन्न, याचा निवाडा गुणांची बेरीज करू शकत नाही. त्यासाठी प्राध्यापकाने त्याची आस्थेने चौकशी करणे अगत्याचे ठरते.