तबकडीवरचा तुकाराम

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाच्या दोन डीव्हीडी बीड येथील आमच्या संग्रही आहेत. पहिलीतील चित्र लख्ख आहे. परंतु रुंद पडदा भरावा म्हणून मूळचे चौकोनी दृश्य आडवे ताणले आहे. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील शांती, जिच्यासाठी हा बोलपट पाहावा, तीच त्यात हरपते. दुसरी ओरखड्यांनी भरलेली, तरी चौकट अभंग. आम्ही दुसरीलाच अधिक गुण देतो. ड्रायरच्या संत जोनवरील मूकपटाच्या (१९२८) १९९९ सालच्या तबकडीत नव्याने जोडलेले संगीत बंद करून तो निःशब्द पाहता येतो. मूळ कृतीचा मान राखणे ते हेच. जिजाई झालेल्या गौरीबाईंचा खणखणीत स्वर मात्र पहिल्या तबकडीतच स्पष्ट ऐकू येतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.