मुंबई आकाशवाणी : आवाज कोणाचा, कान कोणाचे?

१९२७ हे साल आपण महाडच्या नावाने ओळखतो. २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह, ३ एप्रिलला मुंबईतून ‘बहिष्कृत भारत’, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. त्याच वर्षी २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीचा इतिहास लिहिणारे महाडकडे पाहत नाहीत आणि आपणही नभोवाणीकडे फारसे पाहिले नाही. वास्तविक दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : जे सर्वांचे म्हणून सांगितले जाते, त्यावर प्रत्यक्ष हक्क कोणाचा?

आरंभी रेडिओच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये पडत. यंत्राची किंमत निराळी. साहजिकच हे माध्यम सुखवस्तू घरांपुरते राहिले. १९३० साली कंपनी बुडाली, कारभार सरकारने घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. निरक्षर माणसापर्यंत विचार नेणे हे नभोवाणीचे मोठे बळ सांगितले जाते. परंतु तिसाच्या दशकात हे काम चाळीचाळीतून आणि गावोगावी आंबेडकरी जलसे करीत होते. भीमराव कर्डकांच्या जलशाला ना परवाना लागला, ना यंत्र.

बाबासाहेबांनी या माध्यमाचे मोल ओळखले होते. १९४२ मध्ये मजूरमंत्री या नात्याने ते रेडिओवरून भारतीय कामगार आणि महायुद्ध या विषयावर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजीच्या भाषणात तर स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली त्रिसूत्री फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे हा विचार माध्यमाला झेपत नव्हता असे नाही. प्रश्न एका थोर पुरुषाच्या भाषणाचा नाही. ज्या समाजाने तो विचार गाण्यातून जिवंत ठेवला, त्या समाजाच्या आवाजाचा आहे.

१९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला मान दिला, चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा १९५७ मध्ये ‘विविध भारती’ आली. हा वाद शास्त्रीय विरुद्ध फिल्मी असाच सांगितला जातो. त्यात भीमगीतांचा आणि जलशाचा उल्लेख कुठे आहे? चाचणी घ्यायची, कलावंताला श्रेणी द्यायची, हा आकाशवाणीचा रिवाज. त्यात ‘लोकसंगीत’ असा एक कप्पा आहे. शाहिराने पीक-पाण्यावर, कुटुंबनियोजनावर गावे, ते लोकसंगीत. त्याने मनूला जाब विचारला की ते ‘वादग्रस्त’ होण्याचा धोका. कोणत्याही धर्मावर वा समाजावर टीका नको, हा आकाशवाणीच्या संहितेतील नियम वरकरणी निरुपद्रवी वाटतो. पण ज्याच्यावर धर्माच्या नावानेच अन्याय झाला, त्याने बोलायचे कसे?

कार्यक्रमांच्या नावांतही ही व्यवस्था दिसते. ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका मुंबई केंद्रावर अमाप गाजली. प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भाऊजी यांच्या गप्पा खुसखुशीत होत्या, यात शंका नाही. परंतु पंत, वहिनी आणि भाऊजी यांचे हे पांढरपेशे घर साऱ्या महाराष्ट्राचे घर म्हणून ऐकवले गेले. दुसरीकडे होती ‘कामगार सभा’. कामगाराला उद्देशून कोणी बोलते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तिचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही फरक पाहा : पंतांना घर मिळाले, कामगाराला सभा. एकाचे ऐकायचे, दुसऱ्याला ऐकवायचे. शिवाय ‘कामगार’ या एका शब्दाखाली जातही झाकली जाते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना गिरणीच्या विणकाम खात्याबाहेर ठेवणारा माणूसही कामगारच होता.

पुढे साहित्याच्या कार्यक्रमांतून दलित कवी ऐकू आले, हे मान्य. पण पाहुणा म्हणून येणे वेगळे आणि कार्यक्रम ठरवणे वेगळे. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोचला तो मुख्यतः जयंतीच्या मंचावरून, ध्वनिक्षेपकावरून, पुढे कॅसेटवरून. हा समाजाचा पराक्रम आहे. म्हणून सार्वजनिक संस्था जबाबदारीतून सुटत नाही. उद्याचा अभ्यासक या शहराचा आवाज तिच्याच संग्रहात शोधणार आहे.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. चांगले झाले. पण १९२३ च्या बोले ठरावानेही सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. ठराव कागदावर होता. पाण्यापर्यंत माणसांना चालत जावे लागले. विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्त्यांनी आता महिन्याभराची कार्यक्रमपत्रिका घेऊन बसावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर वगळून भीमगीताला किती मिनिटे मिळतात, कार्यक्रम ठरवणारे कोण, हे मोजावे आणि तो हिशेब केंद्रापुढे ठेवावा. लहरींना विटाळ नसतो. मायक्रोफोन कोणापुढे ठेवायचा, हे मात्र माणसेच ठरवतात.