शेक्सपिअरची रचना आणि आपली समीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला मुलगा बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतो, तेव्हा मूळ नाटकाआधी त्याच्या हाती गाइड पडतं. त्यातले प्रश्न ठरलेले: हॅम्लेट दिरंगाई का करतो, मॅकबेथच्या अधःपाताला जबाबदार कोण. सगळे स्वभावचित्रणाचे. हे ए. सी. ब्रॅडलीचं देणं, त्याचा ग्रंथ 1904 चा. पुढे इंग्रजीत ग्रॅनव्हिल-बार्करने 1927 पासून एकेक नाटक घेऊन ते रंगमंचावर कसं उभं राहतं हे प्रवेशागणिक उलगडलं. एल. सी. नाइट्सने तर 1933 साली, लेडी मॅकबेथला मुलं किती, असं खवचट शीर्षक देऊन ब्रॅडलीच्या पद्धतीची टर उडवली. मराठीत ब्रॅडलीने कायमचा मुक्काम ठोकला. बार्कर फारसा फिरकलाच नाही.

‘हॅम्लेट’चा पहिलाच प्रवेश घ्या. पहारा बदलतो आहे. उभ्या पहारेकऱ्याने येणाऱ्याला हटकावं, ही रीत. इथे उलट घडतं. नव्याने येणारा बर्नार्डोच अंधारात उभ्या असलेल्या फ्रान्सिस्कोला हटकतो. भुताचं नाव अजून निघालेलं नाही, तरी ही माणसं धास्तावलेली आहेत हे प्रेक्षकाला कळून चुकतं. मग बाराचे ठोके, मग कडाक्याची थंडी. 1599 साली उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहात खेळ दुपारी, उजेडात होत. मध्यरात्र उभी करायची ती पात्रांच्या तोंडून. विदर्भात दंडार हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये: पात्र जंगल म्हणालं की जंगल, चार पावलं टाकली की दुसरं गाव. पण ही समज गावच्या चौकात राहते, वर्गात येत नाही.

आपल्याकडे शेक्सपिअर लवकर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ 1867 चा, आगरकरांचं ‘हॅम्लेट’वरचं ‘विकारविलसित’ 1883 चं, देवलांचा ‘झुंझारराव’ 1890 चा. ‘विकारविलसित’ शाहूनगरवासी मंडळीने गाजवलं, आणि आठवण उरली ती गणपतराव जोशींच्या हॅम्लेटची. नट मोठा होता यात वाद नाही. नाटकाची बांधणी मात्र त्या आठवणीत कुठेच नाही.

मॅकबेथ राजाचा खून करतो, दारावर थापा पडू लागतात, आणि शेक्सपिअर एका झिंगलेल्या द्वारपालाला पुढे आणतो. डी क्विन्सीने 1823 मध्ये त्या थापांवर निबंध लिहिला: थांबलेलं माणसांचं जग तिथे पुन्हा सुरू होतं, असा त्याचा अर्थ. पण त्याच वेळी मॅकबेथ झालेल्या नटाला हातावरचं रक्त धुऊन, कपडे बदलून परत यायचं असतं. अडचण कपडेपटातली, उत्तर काव्यातलं. शेक्सपिअरचं कसब मला सर्वांत जास्त इथे दिसतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्याच पारव्यात जन्मलेले महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली वहिनी रात्री वडिलोपार्जित दागिने अंगावर चढवते, तो प्रवेश असंच रचनेचं भान असलेल्या लेखकाचा. आपण चर्चा केली ती मुख्यतः सरंजामी घराच्या ऱ्हासाची.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चंही तेच. 1970 पासून ‘किंग लिअर’शी त्याची तुलना चालली आहे, कृतघ्न मुलं, बेघर बाप, एवढ्यावर ती थांबते. ‘लिअर’मध्ये कथानकं दोन आहेत. लिअर आणि मुली, तसा ग्लॉस्टर आणि त्याचे मुलगे. दुसऱ्या घरातही तेच घडतं, म्हणून पहिल्या घरातलं क्रौर्य अपघात राहत नाही. शिरवाडकरांनी दुसरं घर ठेवलंच नाही. दुःख बेलवलकरांच्या घरापुरतं राहिलं आणि नटाला मैदान मोकळं मिळालं. श्रीराम लागूंनी ते कसं गाजवलं हे सांगायला नको. मला यात लाभाबरोबर तोटाही दिसतो. बेलवलकरांची स्वगतं अखंड चढत जातात आणि टाळी घेतात. वादळातल्या लिअरला ही सोय नाही. त्याचं बोलणं ऐन भरात येतं तोच विदूषक मध्ये काहीतरी बरळतो, नाहीतर वेड्याचं सोंग घेतलेला एडगर खोपटातून ओरडत बाहेर येतो, आणि प्रेक्षकाचे हात तिथेच थांबतात.