नारळाचा हिशेब आणि वहीतला गुणाकार

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांच्या हिशेबावर कॅरहर दांपत्य व श्लिमन यांनी १९८५ साली लिहिलेला निबंध लोकगणिताच्या चर्चेत नेहमी पुढे केला जातो. त्यातला बारा वर्षांचा नारळविक्या पाहा. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, चार कितीला? तीनांचे १०५, त्यांत ३०, मग ५, झाले १४०! काही दिवसांनी ३५ × ४ कागदावर दिले, तर उत्तर आले २००. पठ्ठ्याने हातचे २ आधीच तिनात मिळवले आणि मग त्या पाचाला चाराने गुणले.

मुले पाचच होती. पण बाजारात ९८ टक्के उत्तरे बरोबर आणि नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के, ही तफावत बोलकी आहे.

मात्र रस्त्यावरच्या गणिताचे गोडवे गाऊन थांबणे आम्हांला पटत नाही. गरिबाच्या पोराला नारळापुरते गणित आणि इतरांना बीजगणित, ही कसली समता? त्याच्या हिशेबात वितरणाचा नियम आहेच. ३५ × ४ = ३५ × ३ + ३५ हे त्याचेच म्हणणे फळ्यावर उभ्या गुणाकाराशेजारी लिहावे. तीनांचे १०५ ठाऊक असलेल्याला चारांचे २०० लगेच खटकतील.