भूमिकाखेळातील लोकनायक : दोन पद्धती

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात लोकनायक आणावयाचा तर त्याला आकड्यांत बसवावे लागते. अडचण तेथेच सुरू होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ (१९८०) या ग्रंथात राजा आर्थर व फिनलंडचा वाइनामॉइनेन यांना राक्षसांप्रमाणेच ‘हिट पॉइंट्स’ देण्यात आले. वस्तुतः ‘कालेवाला’तील वाइनामॉइनेनचे सामर्थ्य गीतात आहे, प्रतिस्पर्ध्याला तो गाऊनच दलदलीत रुतवितो. त्याच्या प्राणांची मोजदाद झाली की उरतो तो ठार करता येण्याजोगा एक म्हातारा.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ने (१९८५) निराळी वाट धरली. येथे खेळाडू आर्थर होत नाही, त्याच्या काळातील एखादा शिलेदार होतो. दया-क्रौर्य, सचोटी-कपट अशा १३ जोड्यांपैकी प्रत्येकीची बेरीज २० असते. एक गुण वाढला की दुसरा घटतो. आर्थरचा अंत सर्वांना आधीच ठाऊक असतो. प्रश्न उरतो तो आपला शिलेदार तोवर कसा वागतो, एवढाच. लोककथेच्या श्रोत्याचीही स्थिती याहून वेगळी नसते. मात्र या पद्धतीची किंमतही आहे : मोठे प्रसंग नायकाच्याच वाट्याला जातात आणि खेळाडू पुष्कळदा केवळ साक्षीदार ठरतो. ही उणीव पहिल्या ग्रंथातील दोषापेक्षा सौम्य मानावी लागते, कारण येथे निदान नायक नायकच राहतो.