पाककृतीतले गाळलेले वाक्य

'कालवे' हा शब्द भिलाईत उच्चारला की आमच्या स्नेह्यांस तांदुला धरणाचे पाणी आठवते. एका वऱ्हाडी मित्राने तर हा लेख पाटबंधाऱ्यांवर आहे, असे समजून शुभेच्छाही दिल्या. आम्हांस मात्र मालवणची ओहोटी आठवते आणि खडकाला घट्ट चिकटलेली ती खडबडीत शिंपले दिसू लागतात.

मराठीत छापील पाकवाङ्मयाची परंपरा लहान नाही. 1875 साली 'सूपशास्त्र' निघाले, 1910 च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले, आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रूढ केले. बदलीच्या गावी ज्यांच्यापाशी विचारावयास वडीलधारे कोणी नाही, त्यांस हे वाङ्मय केवढा आधार देते, हे आम्ही जाणतो. ते ऋण मान्य करूनच आमची तक्रार मांडतो. ती कोणा एका ग्रंथाविषयी नसून या लेखनाच्या रीतीविषयी आहे.

गेल्या थंडीत आमच्या मेहुण्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून अखंड कालवे आणली. आमच्या संग्रहीच्या पुस्तकात पहिलेच वाक्य होते : 'कालवे साफ करून घ्यावीत.' आम्ही भाजीची सुरी घेतली आणि तिसऱ्याच क्षणी ती तळहातात घुसली. पट्टी बांधता बांधता सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आईंच्या तळहातांवर पांढऱ्या रेघा होत्या ना? त्या कशाच्या, हे कधी विचारले होते का?" विचारले नव्हते. आता विचारावयास मातोश्री नाहीत.

त्या चार शब्दांत काय काय दडपले गेले आहे पाहा. ओहोटीला बायका टोकदार लोखंडी हत्याराने वरचे कवच फोडतात आणि आतला गर टिपून घेतात. खालचे कवच खडकावरच राहते. घरी अखंड कालव आले, तर ते मिटलेले असावे. उघडे असून टिचकी मारल्यावरही न मिटणारे टाकून द्यावे. तिसरी विळीवर उघडते, कालव उघडत नाही. खोलगट बाजू खाली ठेवून, जाड फडक्यात धरून, आखूड बोथट सुरीचे टोक बिजागरीत रोवावे. पुढे न रेटता पिळावे. मग वरच्या कवचाला आतून चिकटलेला स्नायू कापावा.

एवढे सारे का गळाले? आमच्या मते दोष व्याकरणात आहे. 'घ्यावीत' या क्रियापदास कर्ताच नाही. आम्हां कचेरीतल्या लोकांस ही भाषा परिचयाची आहे. 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' असा शेरा वरून येतो, आणि ती करावयाची कोणी हे सर्वांत खालच्या मेजावरच्यास आपोआप कळते. पाककृतीत त्या मेजावर कोणीतरी बाई बसलेली असते.

पुढची कृती मात्र पुस्तके चोख सांगतात : कांदा, आले-लसूण, मालवणी मसाला, ओले खोबरे, आमसूल. दोन गोष्टी तिथेही जोडाव्याशा वाटतात. कालवांचे स्वतःचे पाणी खारट असते, म्हणून मीठ शेवटी, चव पाहून घालावे. आणि गर उकळी आल्यावर तीन मिनिटे तरी शिजावा, पण फार वेळ ठेवल्यास तो चिवट होतो. शिवाय कालव पाणी गाळून जगते; खाडीतली घाण त्याच्या अंगी उतरते. सबब ते कोणत्या खाडीचे, ही चौकशीही पाककृतीचाच भाग आहे.

रिकामी कवचे आम्ही खिडकीत ठेवली आहेत. नंदिनीच्या खाणीतून पोलाद कारखान्याला येतो तो चुनखडक आणि ही कवचे मूळ द्रव्याने एकच, असे शेजाऱ्यांनी सांगितले. पाकग्रंथकर्त्यांस आमची विनंती एवढीच : पुढच्या आवृत्तीत पहिल्या वाक्याआधी एक वाक्य वाढवावे. 'घरात कालवे फोडणारी बाई असेल, तर आधी तिला विचारून लिहून घ्यावे.'