‘बलुतं’मधील लाज आणि धम्मातील हिरी

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला आणि आपल्या समाजातील काहींना घरातले उणेदुणे चव्हाट्यावर मांडल्याचा राग आला. हा आक्षेप आजही अधूनमधून कानी पडतो. म्हणून त्याची धम्माच्या अंगाने तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दलित साहित्याची चर्चा बहुधा विद्रोह आणि संताप यांच्याभोवती फिरते. ‘बलुतं’मध्ये संताप आहेच, पण त्याहून खोल आहे ती लाज. संताप माणसाला बोलते करतो, लाज त्याची वाचा बंद करते. ग्रंथाची रचनाच याची साक्ष देते. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच. शिकलेल्या लेखकाला स्वतःच्याच जुन्या नावाला समोर बसवून ऐकावे लागते. जे थेट ‘मी’ म्हणून सांगता येत नाही, ते सांगण्यासाठी ही वाट काढली आहे, असे आम्हांस वाटते.

पालि वाङ्मयात हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे पापाची लाज आणि पापाचे भय, यांना जगाचे रक्षण करणारे दोन धम्म मानले आहे. मग लाज टाकायची की जपायची? उत्तर सुत्तनिपातातील वसलसुत्तात आहे. भिक्षेसाठी आलेल्या तथागतांना अग्गिक भारद्वाज हा ब्राह्मण दुरूनच थांबवतो आणि ‘वसल’ म्हणून हिणवतो. तथागत त्याला विचारतात, वसल कोणाला म्हणावे हे तुला ठाऊक आहे काय? मग ते एकेक दुष्कृत्य सांगत जातात. त्या यादीत जन्माला स्थान नाही. लाज कृत्याची असावी, जन्माची नव्हे.

ही कसोटी लावली म्हणजे ‘बलुतं’मधील लाज दोन प्रकारची दिसते. महारवाडा, येसकरकी, बलुत्यासाठी पसरलेला हात, ‘दगडू’ हे नाव, यांची लाज गावगाड्याने लादलेली आहे. ती ज्याची त्याला परत केली पाहिजे. परंतु पत्नी सई हिच्यावर घेतलेला संशय आणि तिची झालेली परवड यांची बोच निराळी आहे. ती निवेदकाच्या स्वतःच्या वर्तनातून आलेली आहे. जातीच्या दुःखाआड तिला न दडवता त्याने ती उघड केली, हे या ग्रंथाचे मोठेपण आम्ही मानतो.

येथेच एक उणीवही नोंदवावी लागते. पश्चात्ताप निवेदकाला होतो. सईच्या मनात काय चालले होते, हे मात्र आपल्याला कळत नाही. अशा स्त्रीची बाजू जाणून घ्यायची तर बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’कडे आणि उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’कडे (२००३) वळावे लागते. हे ग्रंथ ‘बलुतं’शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आपल्या समाजाच्या लाजेचा हिशेब पुरा होत नाही.

वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या वेळी भिक्खू संघाला विनंती करतो की, माझे काही दोष पाहिले, ऐकले किंवा शंकिले असतील तर दाखवून द्यावेत. या विधीने संघाची अब्रू गेली, असे कोणी म्हणत नाही. उलट त्यानेच संघ शुद्ध राहतो. ‘बलुतं’वरील आक्षेपाला आमचे उत्तर हेच आहे.

आज शहरात घर भाड्याने घेताना आडनाव पुटपुटणारा आपला तरुण पहिल्या लाजेचे ओझे वाहतो आहे. तोच घरी बहिणीवर किंवा पत्नीवर हात उगारत असेल आणि त्याला काहीच वाटत नसेल, तर दुसरी लाज त्याने गमावली आहे. पहिली टाकण्याचे बळ आपल्याला १९५६ च्या धम्मदीक्षेने दिले. दुसरी जपणे हे प्रत्येक उपासक-उपासिकेचे रोजचे काम आहे.